प्रोव्हँ : उठून गेलेल्या पेठेचे गाव

पॅरिसच्या आग्नेयेस ८०-९० किलोमीटरवर प्रोव्हँ नावाचे एक लहानसे गाव आहे. आजची लोकवस्ती १२ हजारांच्या आसपास. अरुंद दगडी रस्ते, लाकडी चौकटींची जुनी घरे, टेकडीवर एक बुरूज, पायथ्याशी दोन संथ ओढे. फ्रान्समध्ये अशी गावे पुष्कळ आहेत. परंतु १२ व्या आणि १३ व्या शतकांत हे गाव युरोपातील व्यापाराच्या प्रमुख पेठांपैकी एक होते. इटलीचे सावकार, फ्लँडर्सचे कापडवाले, दक्षिण फ्रान्सचे कातडी व्यापारी दरवर्षी ठरल्या महिन्यांत येथे जमत. २००१ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो ‘मध्ययुगीन जत्रांचे नगर’ म्हणून. व्यापारी घराण्यांतील मंडळींनी मुद्दाम पाहावे असे हे स्थळ आहे.

गेल्या सप्टेंबरअखेरीस महाराष्ट्रातील दोन मैत्रिणी शनिवार-रविवार गाठून येथे जाऊन आल्या. दोघींची मैत्री महाविद्यालयातली, म्हणजे सुमारे ३५ वर्षांची. एक बार्शीच्या, सासरी तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान. दुसऱ्या पुण्याच्या, माहेर अहिल्यानगरच्या कापडबाजारातले. बार्शीच्या भगिनींचा मुलगा पॅरिसमध्ये नोकरीला आहे आणि तो परत येऊन गादीवर बसणार नाही, हे आता घरात सर्वांना ठाऊक झाले आहे. दुकानाचे पुढे काय करायचे, येत्या दिवाळीला वहीपूजन करून नवी वही घालायची की नाही, हा प्रश्न यजमानांनी पत्नीच्या परतण्यापर्यंत बाजूला ठेवला होता. मुलाकडे तीन आठवडे राहून झाल्यावर दोघींनी ठरविले की दोन दिवस कुणालाही बरोबर न घेता आगगाडीने कुठेतरी जावे. आयफेल मनोरा पाहून झाला होता. मुलानेच प्रोव्हँचे नाव सुचविले.

प्रवास

पॅरिसच्या ‘गार द लेस्त’ म्हणजे पूर्व स्थानकावरून ‘पी’ मार्गाची गाडी थेट प्रोव्हँला जाते. सुमारे दीड तासाचा प्रवास. जानेवारी २०२५ पासून पॅरिस आणि भोवतालच्या प्रदेशात आगगाडी व मेट्रोला विमानतळ वगळता एकच सपाट दर लागू झाला. त्या वर्षी तो २.५० युरो होता. प्रोव्हँ त्या प्रदेशाच्या अगदी कडेला असले तरी त्याच्या हद्दीत येते, त्यामुळे हा लांबचा प्रवास त्याच तिकिटात होतो. शहराची उपनगरे मागे पडली की ब्री प्रांताचे सपाट माळ सुरू होतात. गव्हाची कापणी झालेली रिकामी शेते, मध्येच बीटाचे हिरवे पट्टे. क्षितिजापर्यंत डोंगर नाही. बार्शीच्या भगिनींना बालाघाटाच्या वरचे पठार आठवले. फक्त इथली माती फिकट आणि आभाळ खाली आलेले.

स्थानक खालच्या गावात आहे. तेथून वरच्या गावात पायी जायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. चढ बेताचाच आहे, मात्र रस्ता दगडांचा असल्याने पायांत भक्कम जोडे हवेत.

पेठेची व्यवस्था

वरच्या गावातील प्लास द्यु शातेल हा प्रशस्त चौक म्हणजे जुन्या पेठेचा मध्य. येथे एक जुनी विहीर आणि सराफांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी क्रूस आहे. सराफ येथे बाक मांडून बसत आणि गावोगावची नाणी पारखून बदलून देत. बाकाला असलेल्या इटालियन शब्दावरूनच ‘बँक’ हा शब्द आला आहे.

प्रोव्हँ ज्या शॅम्पेन प्रांतात मोडत असे, त्या प्रांतात वर्षभरात सहा जत्रा भरत. दोन प्रोव्हँला, दोन त्रुआला, एक लान्यीला आणि एक बार-स्युर-ओबला. एक संपता संपता दुसरीची तयारी, अशा रीतीने वर्षाचे चक्र पूर्ण होई. प्रोव्हँची एक जत्रा मे महिन्यात, तर सें-आयुलची सप्टेंबरच्या मध्यापासून. दोघी मैत्रिणी गेल्या त्याच दिवसांत आठशे वर्षांपूर्वी हा चौक माणसांनी फुलून जात असे.

प्रत्येक जत्रा सहा-सात आठवड्यांची असे आणि तिचा क्रम ठरलेला होता. आरंभीचे दिवस माल उतरवून मांडण्याचे. मग कापडाची विक्री, त्यानंतर कातडी व लोकरी कातड्यांची, मग तोलून विकण्याच्या जिनसांची. त्यांत मसाल्याचे पदार्थ असत आणि मसाल्यांत मिरी मोलाची. ती मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून इजिप्तमार्गे इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडे. म्हणजे या दगडी चौकापर्यंत हिंदुस्थानचा माल पोहोचत होता, आपला माणूस मात्र पोहोचला नव्हता. जत्रेचे शेवटचे दिवस खरेदी-विक्रीचे नसत. ते केवळ हिशेब पुरे करण्यासाठी राखून ठेवलेले असत.

चौकापासून थोड्या अंतरावर ‘ग्रांज ओ दीम’ ही १३ व्या शतकातील दगडी इमारत आहे. तळघर, तळमजला आणि वरचा मजला अशी तिची रचना आहे. जत्रेच्या दिवसांत तुलूझच्या व्यापाऱ्यांना ती भाड्याने दिली जाई. पेठ बसल्यावर तेथे चर्चच्या वाट्याचे धान्य साठवू लागले. आता आत सराफ, कापडवाला, लेखनिक, कुंभार यांचे पुतळे उभे करून जुना बाजार दाखविला आहे. पुण्याच्या मैत्रिणीने लेखनिकाच्या पुतळ्यापुढे उभे राहून म्हटले, “अगं, आपल्या मुनीमजींसारखाच बसलाय की हा!”

पत म्हणजे काय

खरा प्रश्न असा, की सपाट माळावरच्या या गावी एवढे व्यापारी का येत? येथे बंदर नाही, मोठी नदी नाही, खाण नाही. उत्तर एकच. येथे माल सुरक्षित पोहोचे आणि दिलेला शब्द पाळला जाई.

शॅम्पेनचे सत्ताधीश, म्हणजे काउंट ही पदवी असलेले सरंजामदार, जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्याला जाता-येता संरक्षणाची हमी देत. वाटेत कोणी लुटले तर त्या मुलुखाच्या धन्याकडे भरपाई मागत. १२०९ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस यानेही आपल्या राज्यातून या जत्रांना जाणाऱ्या व्यापाऱ्यांना अभय दिले. जत्रेवर देखरेख ठेवणारे अधिकारी व्यवहारांचे करार नोंदवीत आणि तंटे सोडवीत. एखादा देणेकरी पैसे बुडवून पळाला तर ते त्याच्या गावाच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवीत. त्या गावाने दखल घेतली नाही, तर गावच्या सगळ्याच व्यापाऱ्यांना जत्रेची बंदी होत असे. एकाची लबाडी सगळ्या गावाच्या तोंडावर येई, म्हणून गावच आपल्या माणसावर नजर ठेवी.

या भरवशावर रोख रकमेची गरज कमी होत गेली. मे महिन्यात घेतलेल्या कापडाचे पैसे पुढच्या जत्रेत फेडण्याचे लेखी वचन दिले जाई आणि अखेरच्या दिवसांत परस्परांचे येणे-देणे वजा होऊन उरलेला फरक तेवढा चुकता होई. आपल्याकडच्या मुदती हुंडीशी याचे नाते वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. शाहजोग हुंडी ज्याप्रमाणे पेठेत प्रतिष्ठा असलेल्या शाहाच्या हातीच वटत असे, त्याप्रमाणे येथेही कागदाची किंमत त्यामागच्या माणसाच्या नावावर ठरे. प्रोव्हँच्या टांकसाळीत पडणारे चांदीचे छोटे नाणे इतके विश्वासाचे झाले होते, की १२ व्या शतकाच्या अखेरीस रोमच्या नगरसभेने त्याच्याच नमुन्यावर आपले नाणे पाडले.

पेठ का उठली

पेठ एका दिवसात उठली नाही. १२७७ मध्ये जिनोव्हाची गलबते समुद्रमार्गे थेट फ्लँडर्सला पोहोचली आणि माळावरची वाट हळूहळू लांबची वाटू लागली. इटलीच्या मोठ्या पेढ्यांनी दूरच्या शहरांत कायमचे गुमास्ते बसविले, त्यामुळे मालकाने स्वतः जत्रेला जाण्याचे कारण उरले नाही. १२८० मध्ये कामाचे तास वाढविल्याच्या रागातून प्रोव्हँच्या कापड-कामगारांनी बंड केले आणि नगराचा महापौर मारला गेला. १२८४ मध्ये शॅम्पेनच्या वारस राजकन्येचा विवाह फ्रान्सच्या राजपुत्राशी झाला. पुढच्याच वर्षी तो चौथा फिलिप म्हणून गादीवर आला आणि प्रांत राजसत्तेच्या हाती गेला. पुढे करांचा भार आणि फ्लँडर्सशी युद्ध. ज्या व्यापाऱ्यांना अभय देण्यावर पेठ उभी राहिली होती, त्यांतल्याच काहींशी राजाचे वैर झाले. अभय गेले आणि त्यामागोमाग पेठही गेली.

याची एक खूण आजही उभी आहे. सें-किरियास हे वरच्या गावातील चर्च १२ व्या शतकात, भरभराटीच्या काळात, मोठ्या थाटात बांधायला घेतले. पुढे पैसा आटला आणि त्याचा मुख्य दिवाणखाना ठरल्या लांबीचा कधीच झाला नाही. शेजारच्या सीझरच्या बुरुजावर चढले की हे अपुरेपण स्पष्ट दिसते. खालचा भाग चौकोनी, वर अष्टकोनी, अशा या १२ व्या शतकातील बुरुजाचा सीझरशी काही संबंध नाही. नाव तेवढे चिकटले आहे. वरून संपूर्ण गाव, कोट आणि दूरवरची शेते दिसतात.

बार्शीच्या भगिनी बराच वेळ त्या अपुऱ्या चर्चकडे पाहत राहिल्या. “आपलं दुकान बंद झालं की असंच दिसेल का गं?” त्यांनी विचारले. मैत्रिणीने लगेच उत्तर दिले नाही. कोटावरून चालताना मग ती म्हणाली, “इथल्या लोकांनी शेवटचे दिवस हिशेबासाठी राखले होते. दुकान राहील की जाईल ते तुमच्या हाती नसेल. कुणाचं देणं राहू नये हे तर तुमच्या हाती आहे ना?”

आहाराची सोय

जैन प्रवाशाला फ्रान्समध्ये आहाराची चिंता असतेच. सप्टेंबरअखेर येथे सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, तर उपाहारगृहांतील रात्रीचे जेवण सहसा सात वाजल्यानंतर सुरू होते. म्हणून दुपारचे जेवण हेच मुख्य धरावे. ते बारा ते दोनच्या दरम्यानच मिळते. कोशिंबिरीतही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. मागवताना स्पष्ट सांगावे : ‘सां विआंद’ म्हणजे मांस नको, ‘सां पुआसों’ म्हणजे मासे नकोत, ‘सां-झफ’ म्हणजे अंडे नको, ‘सां-झाय’ लसणासाठी आणि ‘सां-झोन्यों’ कांद्यासाठी. याच प्रांताच्या नावाचे ब्री चीज प्रसिद्ध आहे, परंतु पारंपरिक ब्रीसाठी दूध फाडताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. ते टाळावे. साधा पारंपरिक पाव पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचा असतो. तो घ्यावा की नाही हे ज्याने त्याने आपल्या नियमानुसार ठरवावे. या दोघींनी मुलाच्या घरून ठेपले आणि भाजके पोहे नेले होते. संध्याकाळी ते आणि फळे, एवढ्यावर भागले.

प्रोव्हँची दुसरी ओळख गुलाब. १३ व्या शतकात काउंट चौथा तिबो याने धर्मयुद्धाहून परतताना हा गडद गुलाबी गुलाब आणला अशी आख्यायिका आहे. औषधी म्हणून त्याचा दीर्घकाळ व्यापार झाला. आज त्याच्या पाकळ्यांचा मुरंबा, सरबत आणि मध दुकानांत मिळतो. मध अर्थातच बाजूला ठेवून दोघींनी मुरंब्याची एकेक बरणी घेतली. चव घरच्या गुलकंदाच्या जवळची, गोडी मात्र अधिक.

नवी वही

रविवारी दुपारच्या गाडीत बसण्यापूर्वी बार्शीच्या भगिनींनी यजमानांना फोन केला. दिवाळीला नवी वही घालायची, असे त्यांनी सांगितले. नवा माल भरायचा नाही. वर्षभर येणे वसूल करायचे, देणे फेडायचे, गादीवर तीस वर्षे काम केलेल्या दोन नोकरांची सोय लावायची आणि मगच शटर ओढायचे. पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. मग यजमान म्हणाले, “मी हेच म्हणणार होतो.”

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे : मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमधील एका शनिवार-रविवारी येथे मध्ययुगीन उत्सव भरतो, तेव्हा गर्दी फार असते. गावाखालच्या जुन्या भुयारांत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, त्याची वेळ आधी पाहून ठेवावी. बुरूज, ग्रांज ओ दीम आणि कोट एका दिवसात होतात. परंतु एक रात्र राहिले तर संध्याकाळी, पर्यटक परतल्यावर, प्लास द्यु शातेलच्या रिकाम्या चौकात निवांत बसता येते.