प्रोसेसर खराब झाला, बदलून कोण देणार?

मंडळी, ऑफिसातला डेस्कटॉप सारखा क्रॅश होतोय आणि आत इंटेलचा १३व्या-१४व्या जनरेशनचा आय५, आय७ किंवा आय९ आहे? मग नुसतं विंडोज परत टाकत बसू नका. यातले काही प्रोसेसर जादा व्होल्टेज मागून हळूहळू खराब होत होते. २०२४ मध्ये कंपनीने हे मान्य केलं, बायोस अपडेट आणलं, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. पण अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही! अशा वेळी प्रोसेसर बदलूनच मागा. बॉक्सपॅक घेतला असेल तर थेट इंटेलकडे, ब्रँडेड मशीन असेल तर त्या ब्रँडकडे. बिल शोधताय? जीएसटीच्या फायलीत बघा.