साठीनंतरचं लायसन्स: वय राहू द्या, तारीख बघा

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांत एक काका आहेत, वय ७१. परवा कशावरून तरी विषय निघाला आणि त्यांनी पाकिटातून लायसन्स काढून दाखवलं. मुदत संपून चौदा महिने झाले होते. "सत्तरीनंतर देतच नाहीत ना, म्हणून गेलोच नाही," असं म्हणाले आणि स्कूटरला किक मारून भाजी आणायला गेले!

सत्तरीनंतर देत नाहीत, हे कुठून आलं कोण जाणे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्ससाठी किमान वय दिलेलं आहे, कमाल वय दिलेलंच नाही. तब्येत धड असेल तर ऐंशीव्या वर्षीही नूतनीकरण होतं. कायदा वयाच्या बाबतीत सैल आहे आणि तारखेच्या बाबतीत कडक. आपण बरोबर उलटं धरून चालतो.

तारखेचा हिशोब २०१९ च्या दुरुस्तीनं बदलला, तरी कट्ट्यावर अजून जुनाच चालतो. पूर्वी खासगी वाहनाचं लायसन्स २० वर्षं किंवा पन्नाशी, यांतलं जे आधी येईल तोवर चाले आणि पुढे दर ५ वर्षांनी खेप पडे. आता तिशी ते पन्नाशीत रिन्यू केलं तर १० वर्षं मिळतात. ५० ते ५५ च्या दरम्यान केलं तर थेट साठीपर्यंत. ५५ पूर्ण झाल्यावर मात्र दर वेळी ५ वर्षं.

"मुदत संपली तरी महिनाभर चालतं" हा समज सगळ्यांत महागात पडतो, कारण तो एके काळी खरा होता. कायद्यात ३० दिवसांची सवलत होती, ती त्याच दुरुस्तीत काढून टाकली. आता तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स, आणि त्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपयांवर गेलेला. दंड एकवेळ परवडेल. अपघात झाला तर समोरच्याला विमा कंपनीनं भरपाई दिली, तरी लायसन्स चालू नव्हतं म्हणून ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा तिला मिळू शकते.

"रिन्यू करताना पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते" हे अर्धं खरं. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यानंतर वर्षभर अर्ज करता येतो, तोवर चाचणी नाही. वर्ष उलटलं की चाचणी आली. पूर्वी ही ढील ५ वर्षांची होती. आमच्या काकांचे चौदा महिने झालेत, म्हणजे ४० वर्षं स्कूटर चालवल्यावर आता त्यांना परीक्षेला बसावं लागणार.

आता डॉक्टरांच्या दाखल्याकडे येऊ. तो साठीला लागतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात चाळिशीपासूनच लागतो: नमुना १-अ, अधिकृत डॉक्टरांचा. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता सही केली. मला बरं वाटलं, आणि घरी येऊन वाटलं की हे काही बरं नव्हे. कारण त्या नमुन्यात प्रश्न नेमके आहेत. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू येतो का? दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःची परीक्षा घेतली. एकामागे एक सहा मोटारी उभ्या केल्या तर होईल साधारण तेवढं अंतर. एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्यानं पूर्ण नंबर वाचला. डाव्यानं ३ आणि ८ सारखेच दिसले. चष्म्याचा नंबर बदलला होता, एवढंच निघालं. पण ते कळलं पार्किंगमध्ये, दवाखान्यात नव्हे.

मधुमेह किंवा बायपास झाली म्हणून लायसन्स जातं, हीसुद्धा अशीच भीती. अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत मधुमेहाचं नावही नाही. विचारलंय ते फेफरं, अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं याबद्दल, आणि गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार आहे का, याबद्दल. चष्म्यानं नजर सुधारत असेल तर चष्मा आड येत नाही. पण साखर एकदम उतरून घेरी येत असेल, तर ते लपवण्यात कसली हुशारी? त्या घोषणेखाली सही आपलीच असते.

आरटीओतल्या हेलपाट्यांचा बाऊही आता पुरे. चाचणी लागत नसेल तर आधार पडताळणी करून 'सारथी' संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज होतो. लायसन्स साताऱ्यात काढलं आणि निवृत्तीनंतर पुण्यात आलात, तरी साताऱ्याला जायला नको. राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयाकडे अर्ज चालतो. डिजिलॉकरमधलं लायसन्सही पोलिसांना चालतं, मात्र मुदत संपलेली असेल तर ती तिथंही संपलेलीच दिसते.

काकांची स्कूटर सध्या किल्लीसकट सुनेच्या ताब्यात आहे. तुम्ही तेवढी वेळ येऊ देऊ नका. पाकीट काढा आणि मुदतीची तारीख वाचा. ती वर्षाच्या आत असेल तर अर्ज आजच करता येतो.