यशाची दुकानं, भाग ५ : पोस्टकार्डावर मावलेलं पुस्तक

मागच्या भागात आपण सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ हेल्प’ पाहिलं. १८५९ सालच्या त्या पुस्तकाचे नायक होते इंजिनियर, कुंभार, विणकर. लोखंड, माती आणि सूत यांच्याशी झुंजणारी माणसं. चिकाटी धरा, काटकसर करा, हातातलं काम सोडू नका, हे स्माइल्सचं सांगणं. त्यानंतर ७७ वर्षांनी अमेरिकेत या जातकुळीचं जे सर्वांत गाजलेलं पुस्तक आलं, त्यात यंत्रं शोधून सापडत नाहीत. त्यात आहेत गिऱ्हाइकं, साहेब, कारकून, बायको, शेजारी आणि घरमालक. ‘हाऊ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’, लेखक डेल कार्नेगी, साल १९३६. आपल्याकडच्या फुटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्यांमुळे ते न पाहिलेला वाचक विरळाच. न वाचताच त्याची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत आणि न वाचताच नाक मुरडणारेही.

हे पुस्तक कळायचं तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कार्नेगी मूळचा लेखक नव्हता. तो फिरता विक्रेता होता, फसलेला नट होता आणि मग संध्याकाळचे वर्ग घेणारा मास्तर. पुस्तक त्या वर्गात तयार झालं. त्यातलं जे खरं आहे ते वर्गातून आलं आणि जे खटकतं तेही तिथूनच.

मिसुरी राज्यातल्या मेरीव्हिलजवळच्या शेतावर २४ नोव्हेंबर १८८८ रोजी त्याचा जन्म झाला. शेताजवळून ‘हंड्रेड अँड टू’ अशा चमत्कारिक नावाची नदी वाहायची. सात वर्षांत सहा वेळा तिने उभा मका आणि गवत धुऊन नेलं. डुकरं रोगाने मरायची. एका वर्षी पूर आला नाही, मका भरघोस आला. वडिलांनी गुरं विकत घेतली, घरचा मका घालून पोसली आणि शिकागोच्या बाजारात पाठवली, तर तिथे भाव पडलेले. खरेदीच्या किमतीवर ३० डॉलर सुटले. अख्ख्या वर्षाची कमाई तीस डॉलर! आपल्याकडच्या कांदा उत्पादकाला हा हिशेब समजावून सांगायला नको. बँकेने जप्तीची धमकी दिली त्या दिवशी वडील मेरीव्हिलहून परतताना नदीच्या पुलावर गाडी थांबवून खाली उतरले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. उडी का मारली नाही, हे त्यांनी मुलाला कित्येक वर्षांनी सांगितलं. बायकोची देवावरची श्रद्धा आडवी आली म्हणून.

मुलाने मास्तर व्हावं म्हणून कुटुंब वॉरेन्सबर्गला गेलं. तिथल्या अध्यापक महाविद्यालयात फी नव्हती, पण गावात राहायचं तर दिवसाला एक डॉलर लागायचा आणि तेवढा घरात नव्हता. घरून घोड्यावरून ये-जा करणारी जी पाच-सहा गरीब मुलं होती, त्यांत हा एक. आखूड पँट, तोकडा कोट, वर न्यूनगंड. कॉलेजात मान होता तो फुटबॉलवाल्यांना आणि वक्तृत्वस्पर्धा जिंकणाऱ्यांना. खेळ जमण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने भाषणं धरली. घोड्यावर बसून पाठ करायची, गाई पिळताना म्हणायची आणि मग गोठ्यातल्या गवताच्या गठ्ठ्यावर चढून जपानी लोकांना अमेरिकेत येऊ देऊ नये या विषयावर कबुतरांपुढे हातवारे करायचे. कबुतरं बिचारी घाबरून उडायची. स्पर्धांमध्ये तो ओळीने हरत गेला आणि मग एकदा जिंकू लागल्यावर थांबला नाही. पुढे त्याच्याकडे शिकलेली मुलंही जिंकू लागली. धंद्याचं बीज इथे पडलं, पण ते उगवायला आणखी काही वर्षं जायची होती.

आधी त्याने नेब्रास्काच्या ओसाड मुलखात पत्राद्वारे शिकवणाऱ्या संस्थेचे अभ्यासक्रम विकून पाहिले. ते खपेनात. हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडून तो ढसाढसा रडला. मग रानटी घोड्यांच्या दोन वाघिणींना दाणापाणी घालण्याच्या बोलीवर मालगाडीतून फुकट प्रवास करत तो ओमाहाला पोचला आणि ‘आर्मर’ कंपनीचं खारवलेलं डुकराचं मांस, साबण आणि चरबी विकू लागला. वाट्याला आला तो साऊथ डाकोटाचा पश्चिम भाग, गुराख्यांचा आणि आदिवासींचा मुलूख. दुकानदाराकडे रोख नसली तर हा त्याच्या फळीवरचे डझनभर बूट उचलायचा, रेल्वेच्या लोकांना विकायचा आणि पैसे कंपनीला पाठवायचा. २९ विभागांत पंचविसावा असलेला त्याचा विभाग दोन वर्षांत पहिला आला.

कंपनीने बढती देऊ केली. याने राजीनामा दिला आणि न्यूयॉर्कला जाऊन नाट्यशाळेत नाव घातलं! ‘पॉली ऑफ द सर्कस’ या नाटकात डॉक्टरची भूमिका मिळाली, दौराही झाला. आपण नट होणं शक्य नाही हे त्याला लवकर कळलं, हे त्याचं आणि रंगभूमीचं नशीब. मग पॅकार्ड कंपनीचे ट्रक विकणं आलं. ट्रक कशाने चालतो हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पश्चिम छप्पन्नाव्या रस्त्यावरच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर नेकटाय टांगलेले असायचे. सकाळी एक ओढला की मागून झुरळं चहूकडे पळायची. त्या झुरळांबद्दल त्याने पुढे जे लिहिलं, ते त्याच्या उपदेशापेक्षा मला जास्त लक्षात राहिलं आहे.

नोकरी सोडून रात्री शिकवावं आणि दिवसा कादंबऱ्या लिहाव्यात असा बेत त्याने केला. कोलंबिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही विद्यापीठांनी संध्याकाळच्या वर्गांसाठी त्याला नकार दिला. शेवटी १२५व्या रस्त्यावरच्या वायएमसीएला त्याने विचारलं. रात्रीचे दोन डॉलर द्यायलाही ते तयार होईनात. फायद्यातला वाटा घ्या म्हणाले. याने मान्य केलं. १९१२ चा ऑक्टोबर.

पहिल्याच रात्री मास्तरांची शिदोरी संपली. वक्तृत्वावर सांगायचं ते सांगून झालं आणि वेळ तर उरलेला. वर्गात बसले होते ते दिवसभर राबून आलेले विक्रेते आणि कारकून. सभेत उभं राहिलं की ज्यांच्या घशाला कोरड पडते असे. कार्नेगीने वेळ मारून नेण्यासाठी त्यांना एकेक करून उठवलं आणि सांगितलं, तुम्हाला ज्या गोष्टीचा राग आला होता तिच्याबद्दल बोला. आणि माणसं बोलू लागली. भीती कुठे गेली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पुढे तो म्हणायचा की रागावलेला कोणीही माणूस बोलू शकतो. गावातल्या सर्वांत अडाण्याला ठोसा लगावून पाडा, तो उठून एखाद्या नामांकित वक्त्यासारखा बोलेल.

माझ्या मते कार्नेगीच्या आयुष्यातला खरा शोध हाच. त्यासाठी त्याला कसलं संशोधन करावं लागलं नाही, नड भागवता भागवता तो हाती लागला. त्या काळी भाषण शिकायचं म्हणजे आवाजाचे चढउतार, ठरलेले हातवारे आणि थोरांचे उतारे पाठ करणं. कार्नेगीने ते सगळं गुंडाळून ठेवलं. जे तुम्ही भोगलंय त्यावर बोला, इतर कशावर बोलू नका. शिवाय त्याला गुळगुळीत तत्त्वज्ञान परवडणारं नव्हतं. विद्यार्थी हप्त्याहप्त्याने फी भरायचे. उपयोग दिसला नाही की पुढचा हप्ता बंद. तीन वर्षांत वायएमसीएकडून मिळणारा वाटा रात्रीला तीस डॉलरवर गेला.

कादंबरीचं म्हणाल तर ‘द ब्लिझर्ड’ नावाची एक कादंबरी त्याने युरोपात राहून दोन वर्षं लिहिली. एजंटने ती भिकार आहे असं स्पष्ट सांगितलं. प्रकरण मिटलं. दरम्यान आडनावाच्या स्पेलिंगमध्ये थोडा फेरफार करून त्याने ते पोलादसम्राट अँड्रू कार्नेगीच्या आडनावासारखं करून घेतलं. नातं काहीच नव्हतं. विक्रेत्याला पाटीचं महत्त्व कळतं.

आता पुस्तकाकडे. भाषण शिकायला येणाऱ्यांची खरी अडचण व्यासपीठावर नसून ऑफिसात आणि घरात आहे, हे वर्गाने त्याला दाखवलं. तशा विषयावर पुस्तक शोधलं, मिळालं नाही. मग त्याने पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर काही नियम छापून वर्गात वाटले. पुढच्या सत्रात कार्ड मोठं झालं, मग चोपडी, मग चोपड्यांची माळ. विद्यार्थी नियम घेऊन जायचे, आठवडाभर वापरून बघायचे आणि परत येऊन काय झालं ते वर्गात सांगायचे. अशी पंधरा वर्षं गेली. पुढे त्याने ग्रंथालयं पालथी घालायला एक माणूस पगारावर ठेवला. एकट्या थिओडोर रूझवेल्टची शंभरावर चरित्रं चाळून झाली. १९३४ साली सायमन अँड शुस्टर प्रकाशनसंस्थेचा लिऑन शिमकिन हा त्याच्या वर्गाला येऊन बसला आणि हे छापायलाच हवं म्हणून मागे लागला. पहिली आवृत्ती पाच हजारांची. यापेक्षा जास्त खपेल असं लेखकाला किंवा प्रकाशकाला वाटलं नव्हतं. आजवर तीन कोटींहून जास्त प्रती गेल्या आहेत.

पुस्तकाची बांधणी पाहिली की वर्ग दिसतो. प्रत्येक प्रकरण एका हकिकतीने सुरू होतं आणि शेवटी फळ्यावर लिहावा तसा एक नियम येतो. पहिली हकिकत क्राउली नावाच्या खुनी दरोडेखोराची. १९३१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्याला घेरलं, तेव्हाही तो स्वतःला सज्जनच समजत होता. असला माणूससुद्धा स्वतःला दोष देत नाही, तर तुमचा कारकून काय देणार? म्हणून टीका करू नका. पटतं की नाही? तीन पानांत पटतं. दुसऱ्याचं नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या, वाद जिंकायला जाऊ नका, चूक दाखवायची तर आडून दाखवा. आपल्याकडच्या कुठल्याही जाणत्या आत्याबाईंना हे येत असतं, पण आत्याबाईंनी ते नियमवार छापलं नव्हतं.

आणि आता खटकणारी बाजू. नोबेल मिळवलेला कादंबरीकार सिंक्लेअर लुईस याने तेव्हाच झोडपलं होतं, की समोरच्याच्या छंदात रस असल्याचं नाटक करून त्याच्याकडून आपलं काम काढून घ्यायला हा माणूस शिकवतो. कार्नेगी पानोपानी बजावतो की स्तुती मनापासूनची हवी, खुशामत नको. पण प्रत्येक गोष्टीचा शेवट कसा होतो ते बघा. ऑर्डर मिळाली. भाडं कमी झालं. साहेब खूश झाला. हप्ता भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणलेल्या गोष्टी या, त्यांत फायद्याचा आकडा असणारच.

यापेक्षा गंभीर गोष्ट एका उदाहरणात आहे. कोलोरॅडोतल्या रॉकफेलरच्या खाणींमधला संप त्याने गोडव्याच्या विजयाची कथा म्हणून सांगितला आहे. जॉन डी. रॉकफेलर धाकटे १९१५ साली खाणकामगारांपुढे मैत्रीच्या भाषेत बोलले आणि ज्या पगारवाढीसाठी ते झगडत होते तिच्याबद्दल चकार शब्द न काढता कामगार कामावर परतले, असं तो लिहितो. रक्त सांडल्याचा उल्लेख तो टाळत नाही. पण तारखा मांडून पाहिल्या की गोष्ट वेगळी निघते. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो इथल्या संपकऱ्यांच्या तंबूंवर सशस्त्र शिपायांनी गोळीबार केला, तंबू पेटवले आणि एका खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. युनियनची तिजोरी रिकामी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संप मागे घेतला गेला. रॉकफेलर कोलोरॅडोला आले ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे ज्या भाषणाने संप मिटला म्हणायचं, ते संप मिटल्यावर नऊ-दहा महिन्यांनी झालेलं. कामगार नमले होते उपासमारीपुढे. कार्नेगीने हे जाणूनबुजून लपवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या वर्गात प्रश्न नेहमी दोन माणसांमधला असायचा. एका बाजूला बंदूक आणि दुसऱ्या बाजूला रिकामं पोट असतं तेव्हा काय करायचं, यासाठी त्या कार्डावर जागाच नव्हती.

१९४८ साली काळजीवरचं त्याचं दुसरं मोठं पुस्तक आलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काळजीवर बावीस पुस्तकं आणि किड्यांवर मात्र १८९, असा त्याचा त्यातला विनोद आहे. ते पुस्तक मला पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. पुलावर थांबलेले वडील, झुरळं, फसलेली कादंबरी, सगळं त्यात येतं. आपण केलेल्या मूर्खपणाच्या नोंदींची एक फाईलच तो ठेवत असे, हेही त्यातच कळतं. १ नोव्हेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी तो वारला. तोवर साडेचार लाख लोक त्याचा अभ्यासक्रम करून गेले होते.

त्यांत ओमाहाचा एक बुजरा तरुण होता. सभेत बोलायचं म्हटलं की त्याला मळमळायचं. न्यूयॉर्कमध्ये त्याने एकदा फीचा चेक दिला आणि घाबरून तो थांबवला. मग ओमाहात जाहिरात पाहून शंभर डॉलर रोखच भरले, म्हणजे परत फिरायला नको. त्याचं नाव वॉरन बफे. विद्यापीठाच्या पदव्या त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर नाहीत, कार्नेगीचं प्रमाणपत्र आहे. दुसरीकडे चार्ल्स मॅन्सन हा कुप्रसिद्ध गुन्हेगारही तुरुंगात कार्नेगीचेच धडे गिरवून गेला होता, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. वर्ग अजून भरतात. भारतात ते चालवते वालचंद उद्योगसमूहातली मुंबईची वालचंद पीपलफर्स्ट ही कंपनी. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी जहाजं, विमानं आणि मोटारी यांचे कारखाने काढले. स्माइल्सला ते नायक म्हणून शोभले असते.

पुढच्या आठवड्यात नेपोलियन हिल. त्याचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७ साली, म्हणजे कार्नेगीच्या पुस्तकापाठोपाठ आलं. अँड्रू कार्नेगीच्या नावाचा मोह त्यालाही सुटला नाही. याने स्पेलिंग उचललं. हिलने त्या पोलादसम्राटाशी झालेली एक भेट सांगितली, जिला खुद्द हिलशिवाय दुसरा साक्षीदार नाही.