अर्धशिशीच्या नावाखाली

अर्धशिशी आपल्या इतकी परिचयाची आहे की, कोणतीही तीव्र डोकेदुखी आपण तिच्याच खाती मांडतो. हा हिशेब क्वचित प्राणावर बेततो. अर्धशिशी बहुधा हळूहळू चढते. मेंदूच्या रक्तवाहिनीवरील फुगा फुटून रक्तस्राव झाला, तर वेदना वीज कोसळावी तशी येते व मिनिटभरात परमावधीला पोहोचते. गोळीने उतार पडला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत अशा ४८२ रुग्णांपैकी ५६ जणांचे निदान प्रथम चुकलेले आढळले. त्यांच्यावर अर्धशिशी वा ताणाची डोकेदुखी हाच शिक्का सर्वाधिक वेळा बसला होता, आणि बहुतेकांचे सीटी स्कॅन झालेच नव्हते. काटकसर हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाला प्रिय असणारा गुण. पण येथे ती फार महाग पडते. पहिल्या सहा तासांतील स्कॅनमधून हा रक्तस्राव सहसा निसटत नाही. पुढे मात्र खूण पुसट होत जाते. फुगा पुन्हा फुटण्याचा धोकाही पहिल्या चोवीस तासांतच सर्वाधिक. तेव्हा ‘किती दुखते’ याआधी ‘किती क्षणांत दुखू लागले’ हे डॉक्टरांना सांगावे. वीस वर्षे अर्धशिशी भोगलेल्यानेसुद्धा.