उचल आणि बेचाळीस दिवस

'शुश्रूषा' हा शब्द आपण रुग्णसेवेसाठी सर्रास वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. समोरच्याचे म्हणणे कान देऊन ऐकणे ही आपल्या पूर्वजांनी सेवेची पहिली पायरी मानली असावी. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे सोपे आहे. कुठे दुखते ते तो सांगतो, कण्हतो, प्रसंगी भांडतो. चार दिवसांच्या बाळाचे काय करायचे? ते आजारी पडले की रडतेच असेही नाही. उलट ते गप्प होते, अंगावर पिण्याचे सोडते, हातपाय सैल टाकते. घरच्यांना वाटते, आज बाळ किती शहाण्यासारखे झोपले आहे! ही झोप आणि ती झोप यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याच्या हातात त्या बाळाचा जीव असतो. आणि हा माणूस बहुधा मोठा डॉक्टर नसतो. ती एखादी सिस्टर असते, आशाताई असते, नाहीतर अनुभवी आजी असते.

वैद्यकाच्या इतिहासात याचा सुरेख दाखला आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या बाई अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. उन्हाळ्यात त्या बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक कावीळ झालेले बाळ दाखवले. त्याचे अंग फिके झाले होते, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा भाग पिवळाच राहिला होता. त्या निरीक्षणाचा धागा धरून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशोपचार जगापुढे मांडला. आज आपल्या सरकारी दवाखान्यात काविळीच्या बाळाला ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याचे मूळ एका परिचारिकेच्या नजरेत आहे. (कोवळे ऊन दाखवले की कावीळ उतरते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. कावीळ वाढली तर दिवाच लागतो, आणि तोही वेळेवर.)

नवजात बाळाची नेहमीची दुखणी मोजकीच आहेत. जन्मल्याबरोबर श्वास न घेणे, वजन अडीच किलोपेक्षा कमी असणे, अंग गार पडणे, जंतुसंसर्ग आणि कावीळ. त्यांवरची देखभालही ऐकायला साधी वाटते. जन्मल्यावर पहिल्या मिनिटात बाळ कोरडे करून, पाठ चोळून, गरज पडल्यास मुखवटा आणि फुग्याने श्वास द्यायचा. आईच्या अंगाशी उघडे धरायचे आणि तासाभरात चीक पाजायचा. लगेच आंघोळ घालायची नाही. वजन कमी असेल तर आणखी काही दिवस घालायची नाही. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचे नाही. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. शांत बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला तर तो धोक्याचाच समजायचा. एरवीची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी भरात येते. तळहात आणि तळपाय पिवळे झाले तर थांबायचे नाही, कारण ती मेंदूपर्यंत पोचली की नुकसान जन्माचे होते.

यातली मेख वाचकांच्या ध्यानात आली असेल. साधी बाळंतीण दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून घरी येते. म्हणजे काविळीचा कळस दवाखान्यात नव्हे, घरात गाठला जातो. जंतुसंसर्गाचेही बऱ्याचदा तसेच. दवाखान्याचे दार मागे पडल्यावरच खऱ्या शुश्रूषेची गरज सुरू होते.

हे ओळखून काम करणारी माणसे महाराष्ट्रातच निघाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. त्याआधी न्यूमोनियासाठी त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण केले होते. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी, म्हणजे अंक न येणाऱ्या बाईलाही श्वास मोजता यावेत. नवजात बाळांच्या प्रयोगात ३९ गावांत आरोग्यदूत घरोघर जाऊ लागल्या. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी होती. आरोग्यदूत बाळाचे वजन करत, ऊब राखायला शिकवत आणि संसर्ग झाला तर घरीच इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा निबंध छापला. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकाची देखभाल ही योजना आशाताईंच्या हाती सोपवून देशभर नेली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा अशा सहा दिवशी घरभेटी द्यायच्या. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची सातवी भेटही द्यायची.

इथे माझ्या परिचयाचा तालुका येतो. माझी हयात बँकेच्या नोकरीत गेली आणि तिच्यातली काही वर्षे बीड जिल्ह्यातल्या आष्टीत. कमी पावसाचा, हलक्या जमिनीचा हा भाग. दसरा-दिवाळी आली की गावे ओस पडायला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. जाण्याआधी मुकादम त्यांना उचल देतो. ती पावसाळ्यातच खर्चून जाते. कुणाचे लग्न, कुणाचे औषधपाणी, कुणाचे जुने देणे. मग हंगामभर टनावारी ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस कामावर गेले नाही तर तो खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड चढतो.

बँकेच्या माणसाला कर्जाची एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रक्कम, व्याज या पुढच्या गोष्टी. आधी तारीख ठरते. उचलीचीही तारीख असते, आणि ती गाळप हंगामाची असते. बाळाच्या जन्मालाही तारीख असते. या दोन तारखा समोरासमोर आल्या की कोणती मागे सरते, हे सांगायला नको.

मध्यंतरी कड्याच्या पुढच्या एका गावात एका आशाताईशी बोलत बसलो होतो. त्यांनी वही उघडून दाखवली. म्हणाल्या, "काका, हे बघा सहा रकाने. तिसऱ्या दिवशी गेले, सातव्याला गेले, बाळ दोन किलो दोनशे भरलं. चौदाव्याला गेले तर दाराला कुलूप. म्हातारी म्हणली, गाडी आली व्हती, गेली पोरं."

"पुढे कळले का काही?" मी विचारले.

"फोन लागला एकदा. बाळ बरंय म्हणली. पण बरंय म्हंजी काय, ते बघितल्याबिगर कसं कळायचं?"

या एका वाक्यात शुश्रूषेचे सगळे शास्त्र आहे. बरे आहे की नाही ते बघावे लागते, उचलून घ्यावे लागते, पायाचा तळवा हातात धरून तो गार आहे का ते चाचपावे लागते. त्या बाईंच्या वहीतले पुढचे चार रकाने कोरे राहिले. त्यांची हद्द त्यांच्या गावापुरती. आणि ज्या गावाच्या शिवारात ते बाळ गेले, तिथल्या आशाताईच्या यादीत त्याचे नावच नाही.

तिकडे घर असते ते कोपीचे. बांबू, ताडपत्री, पाचट. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत भल्या पहाटे आई फडात जाते. बाळ झोळीत, पोरसवदा बहिणीच्या राखणीत. आता कमी वजनाच्या बाळासाठी जगन्मान्य झालेला उपाय कोणता, तर आईच्या उघड्या छातीशी बाळाला दिवसभर बांधून ठेवणे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये तो सुरू केला, तो उबवणीच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. गरिबीतून निघालेला, फुकटचा उपाय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की असे बाळ जन्मल्यावर लगेच, आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितके जमेल तितके छातीशी धरावे. पैसे काही लागत नाहीत, हे खरे. पण आई लागते! तिच्या हातात कोयता आणि डोक्यावर मोळी असेल, तर छातीशी बाळ कसे राहणार? दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायचे, तर फडातून कोपीपर्यंत चालत कोण येणार? इथे औषध, यंत्र, ज्ञान या कशाचीच उणीव नाही. उणीव आहे ती आईच्या वेळेची, आणि तो वेळ आधीच उचलीत विकला गेला आहे.

अशी बाळे उशिरा, अगदी अखेरच्या घटकेला मोठ्या रुग्णालयात पोचतात. नवजात बालकांच्या विशेष कक्षात दर पाळीला तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असा सरकारी दंडक आहे. कारण सरळ आहे. एका माणसाला यापेक्षा जास्त जिवांचे ऐकू येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात बाळे होती. त्या वेळी औषधांचा तुटवडा, अपुरे मनुष्यबळ, बाहेरून अत्यवस्थ होऊन आलेले रुग्ण अशी बरीच कारणे चर्चेत आली. मला यातून एवढेच म्हणायचे आहे की, चौदाव्या दिवशी घरात जे ऐकले गेले नाही, ते विसाव्या दिवशी कक्षातल्या सिस्टरच्या अंगावर येऊन पडते. तिने मग कितीही धावपळ केली तरी हातचा वेळ गेलेला असतो.

मग करायचे काय? उपाय शोधायला लांब जायला नको. बेचाळीस किंवा त्याच्या आसपासचा आकडा आपल्याकडे तीन ठिकाणी आधीच ठरलेला आहे. आशाताईची शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने सांगितले होते की, बाळंतपणानंतर सहा आठवडे कोणत्याही बाईला जाणूनबुजून कामावर लावू नये. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. सहा आठवडे म्हणजे बेचाळीसच दिवस. आणि आपल्या आज्या-पणज्या बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडू देत नसत. विटाळाची समजूत सोडून देऊ; पण त्या सव्वा महिन्यात आई आणि बाळ एका उबदार खोलीत एकत्र राहत, हे विसरता येत नाही. विज्ञान, कायदा आणि रूढी यांचे इतके एकमत क्वचितच होते. एकटी उचल तेवढी ते मानत नाही.

दुष्काळ पडला की बँका शेतकऱ्याच्या पीककर्जाचे हप्ते पुढे ढकलतात. मी स्वतः तसे कागद केले आहेत. त्यात कोणाचे दिवाळे निघाले नाही. मग हंगामात बाळंत झालेल्या कोयत्याच्या खात्यावर बेचाळीस दिवसांचा खाडा का चढावा? त्या दिवसांची मजुरी आईला मिळावी, दंड लागू नये, उचल तेवढ्याने पुढे सरकावी. पैसा कुठून, असे कोणी विचारील. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन केले आहे, आणि गाळलेल्या उसावर टनामागे कारखान्यांकडून त्यासाठी निधी घेण्याचे धोरणही ठरले आहे. त्या निधीचा याहून रास्त उपयोग मला तरी सुचत नाही.

दुसरे, बाळाबरोबर त्याचा कागद गेला पाहिजे, आणि तो कागद ज्या गावात पोचेल तिथल्या आशाताईला त्या बाळाची भेट देणे बंधनकारक हवे, तिचा मोबदलाही तिला मिळायला हवा. बँकेच्या एका शाखेतले खाते दुसऱ्या शाखेत चालते, ही सोय आपण पैशासाठी कधीच करून ठेवली आहे. माणसाच्या पोरासाठी ती अजून व्हायची आहे. ऊस कोणत्या गटातून कोणत्या दिवशी कोणत्या गाडीने आला, याची कारखान्याच्या गट ऑफिसात बिनचूक नोंद असते. त्याच फडाच्या कडेला कोपीत किती तान्ही बाळे आहेत, हे त्याच कारकुनाला लिहिता येणे अवघड नाही.

मुकादमाची यादी दरवर्षी पावसाळ्यातच तयार होते. नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, उचलीची रक्कम, अंगठा. त्या यादीत आणखी एक रकाना वाढवावा, बाई गरोदर असल्यास बाळंतपणाची अंदाजे तारीख. आशाताईच्या वहीत ती तारीख असतेच. बाईची संमती घेऊन ती यादीत उतरवावी. मात्र गरोदर म्हणून कोयता नाकारायला नव्हे, तर तिचे बेचाळीस दिवस आधीच वजा करायला. येत्या दसऱ्याच्या आत आष्टी तालुक्यातल्या दहा गावांत एवढे जरी झाले, तरी एका आशाताईच्या वहीतले सहाही रकाने भरलेले दिसतील.