सुट्टीत नवी भाषा शिकणारा बिशप

लॅन्सलॉट अँड्र्यूज (१५५५–१६२६) हे माझं अतिशय आवडतं व्यक्तिमत्त्व. वडील लंडनचे दर्यावर्दी. मुलगा केंब्रिजला शिकायला गेला आणि भाषांच्या नादी लागला. वर्षातून एकदा, इस्टरच्या सुमारास तो महिनाभर घरी येई. वडील आधीच शिक्षक शोधून ठेवत आणि त्या महिन्यात पोरगा एक नवी भाषा शिके! पंधरा भाषा येत असत, असं त्याच्याबद्दल सांगितलं जाई.

पुढे चिचेस्टर, ईली आणि विंचेस्टर इथे ते बिशप झाले. पण त्यांचं खरं मोठं काम म्हणजे १६११चं किंग जेम्स बायबल. वेस्टमिन्स्टरमधल्या अनुवादक गटाचे ते प्रमुख. उत्पत्तीपासून राजांच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचा भाग या गटाकडे होता. इंग्रजी गद्याला लय देणारी ही माणसं!

राजदरबारातली त्यांची प्रवचनंही गाजली. एकेक शब्द उलटसुलट तपासत ते अर्थ काढत. १६२२च्या नाताळच्या प्रवचनातल्या ओळी टी. एस. एलियटने तीनशे वर्षांनी आपल्या ‘जर्नी ऑफ द मेजाय’ या कवितेच्या आरंभी घेतल्या. स्वतःच्या खासगी प्रार्थना मात्र अँड्र्यूज ग्रीक, लॅटिन आणि हिब्रूत लिहीत. त्या छापल्या गेल्या त्यांच्या मृत्यूनंतर. लंडनला गेलात तर सदर्क कॅथिड्रलमध्ये त्यांची समाधी जरूर बघा.