घरातील सर्व्हर

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराजवळ सर्न ही विख्यात संशोधनसंस्था आहे. १९९० साली तेथे टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी जगातील पहिले संकेतस्थळ उभारले. ज्या संगणकावर ते होते, त्यावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. सर्व्हरचे सारे मर्म या सूचनेत आहे. दूरच्या संगणकाने एखादे पान मागितले की ते तत्काळ पाठवावयाचे, हे सर्व्हरचे काम. मागणी केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून त्याला अहोरात्र जागे राहावे लागते.

आज बहुतेक संकेतस्थळे मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर असतात. परंतु त्यासाठी अवाढव्य यंत्रच हवे असे नाही. २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला, तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणकही हे काम करू शकतो. मग अडचण कोणती? पहिली अडचण पत्त्याची.

इंटरनेटवरील यंत्रांना अंकी पत्ते असतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते अपुरे पडू लागले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. म्हणून घरातील सर्व यंत्रे राउटरचा एकच पत्ता वापरतात. वाडा एक आणि बिऱ्हाडे अनेक, तसा हा प्रकार होय. कोणत्या बिऱ्हाडाने पत्र धाडले हे राउटर लक्षात ठेवतो व उत्तर त्यालाच देतो. पण अनोळखी पाहुणा आपण होऊन दाराशी आला, तर त्याला कोठे पाठवावे? वेबपानाची मागणी बहुधा ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर येते. ती अमुक यंत्राकडे पाठवावी, असे राउटरला आधी सांगून ठेवावे लागते. काही कंपन्या तर अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. तेव्हा पाहुणा वाड्यापर्यंतही पोहोचत नाही आणि स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा लागतो.

शिवाय घराला मिळालेला पत्ता वरचेवर बदलू शकतो. यावर उपाय नावाचा. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस नावाची व्यवस्था १९८३ पासून अस्तित्वात आहे. पत्ता बदलताच तेथील नोंद बदलणारा एखादा छोटा प्रोग्रॅम ठेवला, की पाहुणे वाट चुकत नाहीत.

दुसरी अडचण वेगाची. घरी माहिती जितक्या वेगाने येते, तितक्या वेगाने ती बाहेर जातेच असे नाही. समजा, बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे आणि चित्रांसह एक पान २० मेगाबिटांचे आहे. एका वाचकाला ते २ सेकंदांत मिळेल. पण ३० वाचक एकदम आले, तर सर्वांना पाने पोहोचवण्यास पूर्ण मिनिट लागेल. आणि वीज गेली, तर सेवाच थांबेल!

सर्वांत मोठी गोष्ट सुरक्षिततेची. उघड्या दारातून पाहुणा येतो, तसा चोरही येऊ शकतो. कच्ची कुलुपे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. म्हणून हवे तेवढेच पोर्ट उघडावे, पासवर्ड लांब ठेवावा, यंत्रातील प्रोग्रॅम वेळोवेळी अद्ययावत करावेत आणि घरातील खासगी कागदपत्रे त्या यंत्रावर ठेवू नयेत. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे नियमही आधी वाचावेत. कारण घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवण्यास काही कंपन्यांची मनाई असते.

एवढा खटाटोप कशासाठी करावा? २००९ साली याहू कंपनीने जिओसिटीज ही सेवा जपानखेरीज सर्वत्र बंद केली. लक्षावधी लोकांनी हौसेने रचलेली पाने तेथे होती. काही स्वयंसेवकांनी त्यांतील पुष्कळशी उतरवून घेतली, म्हणून तेवढी वाचली. परक्याच्या जागेत मांडलेला संसार जागेचा मालक सांगेल त्या दिवशी उचलावा लागतो. स्वतःच्या घरातील सर्व्हरवर तशी पाळी येत नाही. मात्र तेथे राखणही आपणच करावयाची असते. यंत्र बिघडेल हे गृहीत धरून प्रत्येक पानाची एक प्रत अन्यत्र जपून ठेवावी लागते. मालकी आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच दाराने घरात येतात.